क्रेटवरची ग्रामसभा

आमच्या सासऱ्यांच्या एकट्याच्या अंगात जेवढी माणसं राहतात, तेवढी दौंडच्या आमच्या अख्ख्या गल्लीत राहत नाहीत. हे मी जावयाच्या कुजकेपणाने म्हणत नाही. त्यांनी स्वतःच ही माणसं मला एकेक करून दाखवली आहेत, त्यांच्या बसायच्या जागा दाखवल्या आहेत, आणि एकदा तर त्यांतल्या एकाशी ओळख करून देताना, "हे आमचे जावई, कुरकुंभला कंपनीत सुपरवायझर हायेत," असं म्हणून मला नमस्कारसुद्धा करायला लावला आहे. मी केला. समोर भाजीचा एक पालथा क्रेट होता.

आप्पा तळेगाव ढमढेऱ्याचे. शेती भाजीपाल्याची, आवाज लाऊडस्पीकरचा आणि स्वभाव माजी सरपंचाचा. सरपंचपद एका टर्मनंतर गेलं, पण त्याचं पाणी अंगात मुरलं ते मुरलंच. घरात नवा कुकर आणायचा असला तरी आप्पा आधी विषय मांडणार, मग चर्चा, मग सूचक, मग अनुमोदक. सासूबाई तोवर कुकर आणून त्यात भात लावून मोकळ्या झालेल्या असत. एकदा वांग्याच्या रोपांवर औषध मारायचं की नाही यावर त्यांनी गड्यांचं मत घेतलं. गडी म्हणाले नको, कारण मारायचं त्यांनाच होतं. आप्पांनी बहुमताचा मान राखला आणि किडीनं वांग्यांचा. तरी हा माणूस म्हणतो कसा, "वांगी गेली, पण लोकशाही राह्यली!"

अशा या खणखणीत माणसाची एकच गोष्ट मला कळत नसे. ते आमच्या घरी येत नसत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. आप्पांनी लग्नातच ती जाहीर केली. आम्हीही मान डोलावली. पुढे आम्हाला मुलगी झाली तेव्हा म्हणाले, "रीत ल्योक झाल्यावर सुटती." मुलगाही झाला. मग म्हणाले, "जावळ काढू द्या." जावळ काढलं तर म्हणाले, "पोरगं शाळंत जाऊ द्या." शेवटी माझी बायको चिडून म्हणाली, "आप्पा, त्याला नोकरी लागून त्याचं लग्न झाल्यावर तरी याल का?" त्यावर आप्पा गंभीरपणे म्हणाले, "तवाचं तवा बघू."

तोपर्यंत बापलेकीची भेट व्हायची वरवंडला. हायवेच्या कडेला एक चहाचं हॉटेल आहे, तिथे. आम्ही इकडून जायचं, आप्पा न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरून तिथे यायचे. सोबत मेथी, कोथिंबीर, गवारीचं पोतं. नातवंडांचे मुके घ्यायचे, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, चहा पाजायचा आणि पोतं आमच्या गाडीला बांधून मागे न बघता परत फिरायचं. सोलापूरला जायचं झालं तर रेल्वे दौंडवरून जाते म्हणून हा माणूस एसटीने हाडं खिळखिळी करून घ्यायचा. आमच्या गावाचं नाव तर त्यांच्या तोंडी कधी येत नसे. ते म्हणत, "तिकडं." जसं काही आम्ही परदेशात राहतो.

मग तळेगावात ज्येष्ठ नागरिकांसाठी एक व्याख्यान झालं. पुण्याहून मनाच्या डॉक्टरीण बाई आल्या होत्या. आप्पा गेले होते ते व्याख्यानानंतर मिळणाऱ्या भेळीसाठी. बाई म्हणाल्या, आपल्या प्रत्येकाच्या आत पुष्कळ माणसं असतात, त्यांतल्या काहींना आपण कोंडून ठेवतो, त्यांना बोलतं करा, त्यांचं ऐका, म्हणजे मन बरं होतं. बाकीचे म्हातारे भेळीच्या वासाने चुळबुळत होते. आप्पांनी मात्र उठून विचारलं, "म्हंजी ग्रामसभाच घ्यायची की आतल्या आत!" बाई बिचाऱ्या हसून हो म्हणाल्या. आपण कुणाच्या हातात काय दिलं, याची त्यांना कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मळ्यातल्या चिंचेखाली सभा सुरू झाली. चार पालथे क्रेट. पहिल्यावर पुढारी, दुसऱ्यावर भांडखोर, तिसऱ्यावर खादाड. जो सदस्य बोलणार त्याच्या क्रेटवर आप्पा स्वतः जाऊन बसणार, त्याचं म्हणणं त्याच्या आवाजात मांडणार, मग उठून दुसऱ्या क्रेटवर जाऊन त्याला उत्तर देणार. मतदानाला दोन्ही हात वर. बांधावरून जाणारे लोक थबकून विचारायचे, "आप्पा, इलेक्शन लागलं काय?" सासूबाईंनी हे सगळं एक दिवस उभ्यानेच पाहिलं आणि म्हणाल्या, "एका माणसाचा सैपाक करताना माझा जीव जातोय, आता ही चौघं जेवायला आणली व्हय? आन् चौघांत महिला राखीव एकबी न्हाई?"

पण हसण्यावारी नेऊ नका. त्या सभेने कामं केली. शेजारच्या बांधकऱ्याशी आप्पांचं हाडवैर होतं. एका सभेत भांडखोराला पूर्ण वेळ बोलू दिलं गेलं, कुणी मध्ये बोलायचं नाही अशी अट घालून. आप्पांनी मला नंतर सांगितलं, "जावईबापू, लई वरडला. शिव्या दिल्या, बांध काढला, बांधाचा बाप काढला. आन् मंग गप झाला, आन् म्हणला, मला कुणी चांगल्या शब्दानं इचारतच न्हाई, म्हणून मी वरडतो. आयला, मला त्याची दयाच आली की!" त्याच दिवशी आप्पा पाटीभर टोमॅटो घेऊन बांधकऱ्याच्या दारात उभे राहिले. बांधकरी आधी काठी घेऊन बाहेर आला, मग टोमॅटो घेऊन आत गेला.

चौथा क्रेट मात्र रिकामाच असे. तो कुणाचा, असं विचारलं की आप्पा विषय बदलत. फार खोदून विचारलं तर म्हणत, "ते गैरहजर हाय. कोरम भरत न्हाई. सभा तहकूब."

अशात आमचं दौंडचं घर बांधून झालं. वास्तुशांत ठरली. वास्तुशांतीला माहेरचा आहेर लागतो आणि तो माहेरच्या माणसाने येऊन करायचा असतो. आमच्या मावशीने आधीच खडा टाकून पाहिला होता, "हिचं माहेर वरवंडच्या हॉटेलात हाय म्हणं!" बायको त्या वेळी हसली, पण आत जाऊन मोरीचा नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. मग तिने फोन लावला. म्हणाली, "आप्पा, ह्या वेळी तुम्ही माझ्या उंबऱ्याच्या आत आला नाहीत, तर मी पुन्हा तळेगावला पाऊल टाकणार नाही. वरवंडलाही येणार नाही." पलीकडून आवाज आला, "विषय सभेपुढं ठेवतो." तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं माहेर आता चार क्रेटवर ठरणार." माझी बायको सहसा बोलून दाखवत नाही. तिला बापाचं येणं किती हवं होतं, ते त्या दिवशी मला कळलं. मला आप्पांचा रागच आला.

त्या रागातच मी अक्षता घेऊन तळेगावला गेलो. सभा चालूच होती. पुढारी म्हणाला जायचं, भांडखोर म्हणाला जायचं, खादाडाचा तर प्रश्नच नव्हता. "तिन्ही मतं जायला हायेत," आप्पा म्हणाले, "पण कोरम न्हाई." मी त्यांचंच शस्त्र काढलं. "आप्पा, तहकूब सभेला कोरम लागत नाही. तुम्हीच शिकवलंय. तुमच्या टर्ममध्ये निम्मे ठराव तसेच झाले."

आप्पा खाली बघत म्हणाले, "गावाचं तसं चालतं. हितं न्हाई चालत. काल करून बघितला की ठराव. बॅग भरली, एसटीत बसलो. न्हावऱ्याच्या म्होरं जीव घाबरा झाला, उतरून माघारी आलो." एवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दमून चौथ्या क्रेटवर टेकल्या. आप्पा ताडकन उठले. "उठ! ती त्याची जागा हाय!"

"आवं, पर त्याची म्हंजी कुणाची?"

"बारकं पोरगं हाय ते," आप्पा म्हणाले. "दौंडच्या टेशनावर बसलंय."

दौंड हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मग ते हळूहळू बोलत गेले. ते लहान असताना त्यांची आई फार आजारी पडली. मामा दौंडला रेल्वेत होते, म्हणून तिला तिकडे दवाखान्यात नेलं. वडिलांनी या पोराला फलाटावरच्या बाकावर मामाच्या नजरेखाली बसवलं आणि सांगितलं, हितंच बस, हलू नगं, आईला घिऊन येतो. संध्याकाळी वडील एकटेच आले. म्हणाले, चल, आन् रडायचं न्हाई, थोरला हायस तू.

"मी थोरला झालो आन् वडलांसंगं घरी आलो," आप्पा म्हणाले. "ते न्हाई आलं. त्याला हलू नगं म्हणून सांगितलं व्हतं ना. ते आजून वाट बघतंय. ते सभंला कसं यील, जावईबापू?"

चहावर साय धरली. सासूबाईंचा इतक्या वर्षांचा संसार, पण त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मंग ते येत न्हाई तर सभा तितं न्या की! एवढं सरपंच झाला, जागा बदलायची नोटीस काढता येत न्हाई?" आप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू आपल्याला शोधूनही न सापडलेला पाचवा सदस्य हाच. महिला राखीव जागा त्याच क्षणी बिनविरोध भरली गेली. ठराव मंजूर झाला. "अंमलबजावणीचं मात्र बघू," आप्पा हळूच म्हणाले. घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने गव्हाच्या पिठात दोनदा मोहन घातलं.

वास्तुशांतीच्या दिवशी पूजा आटोपत आली. भटजी म्हणाले, आहेर करून घ्या. बायको म्हणाली, आप्पा आल्याशिवाय नाही. मावशीने नाक मुरडलं. एवढ्यात रिक्षातून सासूबाई एकट्याच उतरल्या, काखेत आहेराचं गाठोडं. मी रिक्षात वाकून पाहिलं, आत कुणी नव्हतं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घाबरू नका. टेशनापातुर आलेत. मी म्होरं आले, तुम्ही दोघांला घिऊन या."

मी पूजेच्या सोवळ्यातच स्कूटर काढली. स्टेशनाबाहेर आप्पा उभे होते. पांढरा नेहरू शर्ट, टोपी आणि हातात हिरवा क्रेट. घामाने निथळत होते. मी दोघांची फलाट तिकिटं काढायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. "तीन काढा. जाताना आपण दोघंच हाय, पण येताना टीसीनं इचारलं तर?" मी तीन काढली.

फलाटावर जुना बाक काही सापडला नाही. आप्पांनी अंदाजाने एक जागा ठरवली, तिथे क्रेट पालथा ठेवला आणि त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घातली. माझ्या सोवळ्याकडे पाहून एका प्रवाशाने विचारलं, "गुरुजी, कसली शांत चाललीय?" मी म्हटलं, वास्तूचीच. ते खोटंही नव्हतं. आप्पा काय बोलले, सगळं मला ऐकू आलं नाही, गाडीची अनाउन्समेंट चालू होती. एवढं ऐकू आलं, "आय न्हाई येणार आता. मला म्हाईत व्हतं, मी तुला सांगितलं न्हाई. चल. आन् रडायचं तर रड, कुणी काय म्हणत न्हाई." आणि मग त्यांचं रडू फुटलं. त्या लाऊडस्पीकरच्या आवाजात, भर फलाटावर, टोपी तोंडाला लावून. चहावाला थांबला. मी शेजारी उभा राहिलो आणि कुणी जवळ आलं की हाताने थोपवत राहिलो. रडून झाल्यावर त्यांनी टोपीने तोंड पुसलं, क्रेट उचलला आणि म्हणाले, "जावईबापू, भूक लागली हो."

दारात बायको भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आप्पा उंबऱ्यापाशी थांबले. तिने भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळला. मग ती थोडी वाकली आणि त्यांच्या शेजारी, जिथे कुणीच नव्हतं, तिथे कमरेएवढ्या उंचीवर पुन्हा ओवाळला. मावशी म्हणाली, "अगं, हे काय?"

"दोघं आलेत," बायको म्हणाली.

आप्पांनी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवून, मान वर करून, सगळं पाणी घटाघटा प्यायले. शर्टावर सांडलं तरी थांबले नाहीत. रिकामा तांब्या परत देत म्हणाले, "गोड हाय गं तुझं पाणी." दौंडच्या पाण्याला गोड म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यानंतर खादाड सदस्याने पुरणपोळ्यांवर जो काही ताव मारला, तो पाहून मावशीनेच आणखी तूप वाढलं आणि म्हणाली, "तुमच्या लेकीचं माहेर लई मोठं हाय, दादा."

आता आप्पा वेळी-अवेळी येऊन थडकतात. मुद्दाम वाट वाकडी करून रेल्वेने येतात, फलाटावरच्या बाकावर बसून चहा पितात आणि मगच घरी येतात. तळेगावची सभा अजून चिंचेखाली भरते, पण तिथे आता तीनच क्रेट आहेत. चौथा ते आमच्या ओट्यावर ठेवून गेले. "ते म्हणतंय मी लेकीकडंच ऱ्हातो," एवढंच त्यांनी सांगितलं. अलीकडे आप्पांना फार चालवत नाही. परतीच्या वेळी रिक्षात चढताना ते एकदा त्या क्रेटकडे बघतात, हात वर करतात आणि जातात. मग ओटा जरा मोकळा मोकळा वाटतो. बायकोने पोरांना क्रेट हलवायचा नाही अशी ताकीद दिलेली आहे. मला तेवढी सवलत आहे. शिफ्टवरून आलो की बूट काढायला मी त्याच्यावर टेकतो. पण बसताना थोडा सरकूनच बसतो.