ओसरीवरचं पाणी

संकटाच्या क्षणीच पोलिसाचं खरं व्यक्तिमत्त्व उजळून निघतं, असं मी गोंदियात पोलिसांच्या एका शिबिरात म्हणालो होतो. टाळ्या पडल्या, जेवणाची वेळ झाली होती. आत्मविश्वास, तत्परता, प्रभावी वाणी, असे आवश्यक गुणही मी सांगितले होते.

हे सारे गुण अंगी असलेला फौजदार त्याच वर्षी धानकापणीच्या दिवसांत आमच्या गल्लीत आला. समोरच्या घरातली बाई माहेरी जायला निघाली म्हणून नवऱ्यानं तिला आत कोंडलं होतं. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. तिला न्यायला आलेला भाऊ बाहेर मोटारसायकलपाशी उभा होता. दुपारपर्यंत आतून तिचा आवाज येत होता. मग तो यायचा थांबला, आणि गल्लीतली माणसंही हळू बोलायला लागली.

फौजदारानं कर्ण्यावरून हिंदीत समज दिली. आतून कुऱ्हाडीचा घाव दारावर बसला. त्यानं आणखी समज दिली. आणखी एक घाव बसला. वाणी प्रभावी होती, यात शंका नाही. दार तोडू, असं तो म्हणाला तेव्हा आतून शांतपणे उत्तर आलं, "दार तोडलं तं हिले तोडीन."

सोबतचा हवालदार कामात मंद म्हणून प्रसिद्ध होता. तक्रार सांगणारा थकून घरी जाई, तरी याच्या पेनाचं टोपण निघत नसे. तो उठला आणि त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पानी देता का जी?"

आमच्याकडे ओसरीवर बसलेल्याला, वैर असलं तरी, पाण्याशिवाय ठेवत नाहीत. आणि पाणी घरची बाई आणते. पुरुष आणत नाही.

"ऊठ ना, कायले बसून राहिली?" आत नवरा खेकसला. "मानूस बसून आहे बाहीर."

कडी निघाली. ती तांब्या घेऊन बाहेर आली. कपाळावर रक्त सुकलं होतं. हवालदारानं तांब्या घेतला, तिला आपल्या मागे ओढलं आणि दाराची बाहेरची कडी लावली. आत पुन्हा घाव सुरू झाले. आता ते फळीवरच पडत होते.

तिला धीर द्यावा म्हणून मी पुढे झालो. दोनचार वाक्यं जुळवलीही होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भावाच्या मागे बसता बसता तिनं हवालदाराला पाणी लवकर पिऊन तांब्या द्यायला सांगितलं. तांब्या तिच्या माहेरचा होता.