काटा हलला
परवा एका व्याख्यानात वक्त्यानं पडद्यावर लाल ठिपका फिरवला आणि माझ्या नाकात भीमेच्या गाळाचा वास भरला. पंचाहत्तर सालाच्या आसपास, समुद्राच्या पाण्यात तरंगणारे कण लेझरनं लांबूनच मोजायचं यंत्र आम्ही बनवत होतो, आणि बोटीवर चढवण्याआधी त्याची परीक्षा दौंडजवळ पुराच्या गढूळ पाण्यावर चालली होती. एकाच दिशेत कंप पावणारा उजेड पाण्यात सोडायचा. कणांवर आदळून परतताना ती दिशा जितकी विस्कटेल, तितका यंत्राचा काटा हलायचा. दिवेलागणीला जनरेटर धडधडायला लागला तसे मांडीपर्यंत भिजलेल्या धोतरातले एक म्हातारे आप्पा जवळ आले. "सायेब, तुमचा उजेड पाण्यातलं बघतोय म्हंत्यात. माझी लेक कालपास्नं पाण्यात हाय." मी समजावलं, "आप्पा, याला माणूस दिसत नाही, फक्त गाळ दिसतो." ते शांतपणे म्हणाले, "मग गाळातच आसंल की ती." आमच्या गटाच्या प्रमुख सरांनी यंत्र त्यांनी बोट केलेल्या डोहाकडे वळवलं. लाल रेघ वीतभर आत जाऊन विरली आणि काटा हलला. आप्पांनी माझा दंड घट्ट धरला. "घावली व्हय?" मी नाही म्हणालो. सरांनी उजेड जरा पुढं सरकवला. तिथंही गाळच होता, तिथंही काटा हलला, आणि आप्पांनी पुन्हा तेच विचारलं. पुढं त्याच यंत्रानं आम्ही समुद्र मोजला, त्याचं कौतुकही झालं. परवा पडद्यावरचा ठिपका एका जागी थांबला, तेव्हा सभागृहात माझा हात आपोआप दंडाकडे गेला.