बुर्किना फासोचा माल कुठून निघतो

राष्ट्रांचे भवितव्य त्यांच्या भूगोलात लिहिलेले असते, असे मी कॉलेजात इतिहास शिकवताना गंभीर चेहऱ्याने सांगत आलो आहे. बुर्किना फासोचे भवितव्य मात्र राजापेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात, पोह्यांची ताटली बाजूला सारून लिहिले गेले.

माझी भाची नववीत आहे आणि शिकवणीच्या सोयीसाठी आमच्याकडे राहते. अकोल्याच्या एका शाळेतून तिच्या शाळेला बोलावणे आले. मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचे, कोट घालायचा आणि दोन दिवसांत जगाचे प्रश्न सोडवायचे. देशांच्या चिठ्ठ्या पी.टी.च्या सरांच्या हेल्मेटात टाकल्या होत्या. अमेरिका, फ्रान्स आणि जपान हेल्मेटात पडण्याआधीच ब्लेझरवाल्या मुलांकडे गेले होते. भाचीच्या हाती बुर्किना फासो आला.

आम्ही दोघांनी तो नकाशात शोधला. पश्चिम आफ्रिका, कापूस पिकतो, सहा शेजारी, समुद्र नाही. माल परदेशी पाठवायचा तर शेजाऱ्याच्या देशातून बंदरापर्यंत न्यावा लागतो. मी तिला सार्वभौमत्वाबद्दल बरेच काही सांगितले. तिने पेनाचे टोपण चावत ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, हे तं आमच्या मागच्या वावरासारखं हाये."

तिचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, मूर्तिजापूरकडे शेती करतात. त्यांच्या वावरामागे दुसऱ्या एका शेतकऱ्याचे वावर आहे आणि त्याच्या पलीकडे नाला. त्या शेजाऱ्याची बैलगाडी आजोबांच्या काळापासून भाऊजींच्या वावरातून रस्त्याला लागायची. पुढे शेजाऱ्याकडे लग्न झाले. पंगतीत भाऊजींना दुसऱ्या जिलेबीचा आग्रह झाला नाही. दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. तेव्हापासून शेजाऱ्याचा कापूस डोक्यावरून रस्त्यापर्यंत येतो आणि तहसीलदाराकडची तक्रार एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर जाते. शेजाऱ्याची मुलगी आणि माझी भाची एका सायकलवर गावच्या शाळेत जायच्या. आता ती हिच्याशी बोलत नाही. भाचीला ती वाट मोकळी व्हायला हवी आहे. तिने घरी विषय काढला की भाऊजी टीव्हीचा आवाज वाढवतात.

रविवारी भाऊजी संत्री घेऊन आले. भाचीने त्यांना जाणकार म्हणून सल्ला विचारला. आपल्या देशाला समुद्र नाही, घाना नावाचा शेजारी वाट अडवेल, तर तो काय काय म्हणेल?

भाऊजी खुलले. आधी त्यांनी शेजारी किती ते विचारले. सहा म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे सहा भांडणं. मग त्यांनी घानाची बाजू अशी काही मांडली की घानाच्या परराष्ट्रमंत्र्याने टिपून घ्यावे. वाट कधी नव्हतीच. आमच्या आजानं मेहरबानी म्हणून जाऊ दिलं. असेल तर नकाशात दाखवा. चाकानं धुरा फुटतो, बांधाचं नुकसान कोण भरणार? आणखी पाच शेजारी आहेत, आमच्याच उरावर काहून?

"आन् लईच मागं लागले," ते संत्रे सोलत म्हणाले, "तं पीक निंघाल्यावर पाहू म्हणाव. पीक निंघालं की दुसरं पेराव."

बुर्किना फासो आपल्याच वावरामागे आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. भूगोलात ते कच्चेच.

ते गेल्यावर भाची मला म्हणाली, "मामा, बाबाले अकोल्याले आणजा. घरी मले बोलू देत नाही. तिकडं माइक राह्यते."

अकोल्याच्या सभागृहात जग भरले होते. अध्यक्ष बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला सगळे 'ऑनरेबल' म्हणत आणि तो लाकडी हातोडी आपटून त्याची पोच देत होता. कामकाज इंग्रजीतच चालेल असा कडक नियम होता. चहानंतर तो हिंदीवर आला.

घानाचा ब्लेझर महाग होता. त्याने वाटेला हरकत घेतली आणि एकेक मुद्दा काढू लागला. मेहरबानी, नकाशा, नुकसान, इतर शेजारी. भाऊजींनी मला कोपर मारले. "पाहा, मी काय म्हणून राह्यलो होतो," असे त्यांनी शेजारच्या अनोळखी पालकांनाही सांगितले.

मग बुर्किना फासो उभा राहिला. भाचीने माइक तोंडाजवळ ओढला. ती म्हणाली, मेहरबानीची वाट असती तर तिच्यावर इतकी खोल चाकोरी पडली नसती, ती चाकोरी हाच आमचा नकाशा. नुकसान होत असेल तर सांगा, भरून देऊ. पण मानपानात काही राहून गेले असेल तर तेही सांगा, वाटेवर काटे कशाला टाकता?

घानाच्या प्रतिनिधीने आपल्या फायलीत काटे शोधले. नव्हते. तिसऱ्या ओळीत भाऊजींनी बराच वेळ चष्मा पुसला.

मतदान झाले. सगळ्या देशांनी पाट्या वर केल्या, शेवटी घानानेही. भाचीला प्रमाणपत्र मिळाले. परतताना गाडीत ती प्रमाणपत्र मांडीवर ठेवून वडिलांकडे पाहत होती. मूर्तिजापूर जवळ आले तसे भाऊजी म्हणाले, "बोलली चांगली तू." उतरताना प्रमाणपत्र बरोबर घेत त्यांनी पुस्ती जोडली की घानावाल्याचंही काही चुकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत लावले आहे. आल्यागेल्याला भाऊजी सांगतात की आपल्या पोरीने एका अख्ख्या देशाला समुद्रापर्यंत वाट काढून दिली. आपल्या वाटेवरच्या बाभळीच्या काट्याही त्यांनी काढल्या. फार वाळल्या होत्या. आता ओल्या टाकल्या आहेत.