पाटीवरच्या आर्डिथबाई

आर्डिथ गुडेलबाई शाळेची बस चालवायच्या तेव्हा डोक्यावरच्या आरशात बघून बोलायच्या. ‘एका वेळी एक!’ एवढंच. मागच्या बाकावरची हाणामारी तिथल्या तिथे थांबायची. मग बाई विचारायच्या, ‘हं, आता तू सांग. मग तो सांगेल.’ ज्यानं आधी गुद्दा मारला त्यालाही सांगायला मिळायचं. आम्हा पोरांना हा घोर अन्याय वाटायचा. विशेषतः गुद्दा मी मारलेला नसला की.

बस चालवणं सुटलं आणि बाई गावसभेच्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकेतल्या आमच्या व्हरमॉन्ट राज्यात सगळे मतदार एका हॉलमध्ये बसून गावाचा कारभार ठरवतात. ही गावसभा मार्चच्या सुरुवातीला भरते, म्हणजे बर्फाचा चिखल व्हायला लागतो आणि माणसं एकमेकांच्या अंगावर यायला निमित्त शोधत असतात त्या दिवसांत. सरकार चालवायला हा मुहूर्त कोणी काढला कोण जाणे. सभेत एकच शिस्त : जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. नवऱ्याशी भांडायचं असलं तरी ‘अध्यक्षबाई, यांना जरा विचारा’ असंच. बाईंच्या समोर आरसा नव्हता एवढाच काय तो बसमध्ये आणि सभेत फरक.

गेल्या वर्षी रस्ते दुरुस्त करायचं यंत्र घ्यायचं का यावर चर्चा चालू असताना वेंडेल पाइक वॉशिंग्टनवर घसरला. वेंडेल म्हणजे गावाच्या टोकाला राहणारा, मेपलच्या झाडांपासून गोड पाक काढणारा, आणि देशात जे काही बिघडलंय ते कुणामुळे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस.

‘वेंडेल, विषय रस्त्याचा आहे,’ बाई म्हणाल्या.

‘मी रस्त्यावरच येतोय!’

‘वॉशिंग्टनहून यायला तुला फार वेळ लागेल. खाली बस.’

सगळा हॉल हसला. वेंडेल बसला, पण घरी जाऊन त्यानं दारापुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशी फळी ठोकली : ‘आर्डिथ गुडेल लोकांची तोंडं बंद करते. तिला खुर्चीवरून उतरवा.’

राग तेवढ्यावर थांबला असता तर तो वेंडेल कसला? त्याचं घर दोन गावांच्या शिवेवर आहे. पुढची खोली आमच्या गावात, मागची कॉब्स हिलमध्ये. शिवेवरच्या घरातला माणूस जिथे झोपतो तिथला मतदार, असा आमच्याकडे जुना हिशेब. वेंडेलनं पलंग ओढत मागच्या खोलीत नेला आणि जाहीर केलं, ‘आजपासून मी तुमच्या गावचा नाही!’ अंगण मात्र आमच्याच गावात राहिलं, पाटीसकट.

बाई रोज त्या पाटीवरून जायच्या. कुणी विषय काढला तर म्हणायच्या, ‘अक्षर बरं आहे त्याचं. शाळेत असताना नव्हतं.’

बाईंना काही वाटत नव्हतं म्हणून गावालाच जास्त वाटायला लागलं. त्यात सगळ्यात पुढे कोरीन टिबो. तिचं पाहुण्यांसाठी छोटं विश्रामगृह आहे, आणि तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती पाटी लागते. तिनं सह्या गोळा करून यंदाच्या सभेपुढे ठराव आणला : गावातल्या कोणत्याही माणसाचा अपमान करणारी पाटी कुणी अंगणात लावू नये, लावली तर गावानं काढावी.

ठराव जेवणानंतर आला. बीन्स आणि ॲपल पाय खाऊन हॉल सुस्तावला होता. कोरीन उठली.

‘अध्यक्षबाई, तुमच्याबद्दल असं लिहिलेलं आम्ही का सहन करायचं? तुम्ही आमच्या पोरांना नेलंत-आणलंत.’

टाळ्या पडल्या. बाईंनी लाकडी हातोडी आपटली. ‘टाळ्या नकोत. पुढचं कोण?’

मागून वेंडेल उठला. टोपी हातात चुरगाळत होता. पाटी त्याची, अंगण त्याचं, आणि निकालही त्याच्याच पाटीचा लागायचा होता.

‘हा कॉब्स हिलचा आहे!’ कोरीन ओरडली. ‘अध्यक्षबाई, याला इथे बोलायचा हक्क नाही.’

नियमाप्रमाणे ते खरं होतं. परगावच्या माणसाला बोलू द्यायचं तर हॉलमधल्या तीनातल्या दोघांनी हो म्हणायला लागतं. बाईंनी हात वर करायला सांगितले. थोडेसेच हात वर झाले. आपल्या बाईंना नावं ठेवणाऱ्याला बाईंच्याच सभेत बोलू द्यायचं? आम्ही सगळे निष्ठेनं हात मांडीवर ठेवून बसलो.

वेंडेल खाली बसला. त्याचं तोंड असं झालं होतं की मला एकदम बसमधला मागचा बाक आठवला.

बाईंनी हातोडी उचलली आणि बर्फ लोटायची गाडी चालवणाऱ्या ऑरिन स्टॅकपोलच्या हातात दिली. ‘ऑरिन, जरा सांभाळ.’

‘मी? बाई, मला यातलं काही—’

‘हातोडी आहे, बर्फाची गाडी नाही. बस तिथे.’

आणि बाई खुर्चीवरून उतरून खाली आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. अध्यक्षाला स्वतःचं मत मांडता येत नाही. मांडायचं तर खुर्ची सोडावी लागते. त्यांनी ती आजवर कधी सोडली नव्हती.

‘वेंडेल,’ कुणीतरी म्हणालं, ‘झालं ना तुझ्या मनासारखं!’

‘अध्यक्षमहाराज,’ बाई म्हणाल्या, आणि ऑरिन चक्क मागे वळून बघायला लागला. ‘तूच रे ऑरिन! अध्यक्षमहाराज, माझ्याबद्दलची पाटी आहे, तेव्हा मला दोन शब्द बोलू द्या. सरकारनं कुणाचं बोलणं बंद करायचं नाही, असं घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत आहे.’

‘पण आर्डिथबाई, इथे सरकार कुठे आलं?’ कोरीन कळवळून म्हणाली. ‘आपण तर शेजारी आहोत!’

‘दाराबाहेर शेजारी, कोरीन. माझ्यासाठी त्याच्याशी भांड, त्याचा पाक विकत घेऊ नकोस, तोंड फिरव, तुझी मर्जी. पण इथे बसून हात वर केलास की तू सरकार. आणि आत्ता या सरकारनं एका माणसाचं न ऐकता त्याच्या अंगणातली फळी उपटायला घेतलीय. उद्या दुसऱ्या कुणाची पाटी असेल. माझीच असेल, मलाही राग काही कमी येत नाहीत.’ मग त्या आमच्याकडे वळल्या. ‘मला तुमची दया नको. त्याला बोलू द्या. पुन्हा हात वर करा.’

सगळ्यात आधी ऑरिनचा हात वर गेला. अध्यक्षाला तो अधिकार नसतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मग एकेक करत हॉलभर हात वर आले. माझाही. शेवटी कोरीनचा, कोपरापर्यंतच, पण आला.

वेंडेल उठला. ‘मी लिहिलं ते मला पटतं म्हणून लिहिलं,’ तो म्हणाला. ‘अजून पटतं. हिनं मला मध्येच तोडलं.’

‘तू मुळात विषय सोडलास!’ कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं. तिसऱ्यानं वॉशिंग्टन काढलं. बघता बघता सगळे एकमेकांशीच बोलायला लागले, थेट! ऑरिन हातोडी आपटत होता, पण भलत्याच वेळी. वेंडेलचा आवाज कुणालाच ऐकू येईना.

‘अरे, गप्प कर की यांना!’ वेंडेल ऑरिनवर खेकसला. ‘माणसाला बोलता तरी येतंय का इथे? आर्डिथ असती तर—’

आणि तो थांबला. मग असं हसू फुटलं की बीन्सच्या भांड्यावरचं झाकण वाजलं. वेंडेल हसला नाही, पण त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

‘एका वेळी एक,’ बाई जागेवरूनच म्हणाल्या. वेंडेलला जे बोलायचं होतं ते त्यानं शेवटपर्यंत बोलून घेतलं. फार काही नव्हतं. मत घेतलं, आणि ठराव पडला.

बाई खुर्चीवर परत गेल्या. पुढचा विषय कचऱ्याचा होता.

पुढच्या रविवारी वेंडेलनं ऑरिनला बोलावलं. मागच्या खोलीतला पलंग पुढे आणायचा होता. ऑरिनचे हात दणकट आहेत, माझी पाठ, म्हणून मीही गेलो. मागच्या दारानं काढून अंगणातून आणलेला पलंग आम्ही पुढच्या दारात आडवा अडकवून उभे होतो, तेवढ्यात बाईंची गाडी थांबली.

‘परत आमच्या गावात येतोयस?’ बाईंनी विचारलं.

‘पुढच्या मार्चला तुझ्याविरुद्ध मत द्यायचंय,’ वेंडेल म्हणाला. ‘तिकडून देता येत नाही.’

‘बरोबर आहे,’ बाई म्हणाल्या. चिखलातून पायऱ्या चढून आल्या आणि आमच्यासाठी दार उघडं धरून उभ्या राहिल्या. ‘पलंगाचा पाय जरा वर उचल, ऑरिन. त्याची भिंत खरवडतेय.’

पाटी अंगणात आहे. बाई अजून रोज तिच्यावरूनच जातात.