महापूर नेम धरत नाही

मंगेशचा फोन आला तेव्हा मी पुस्तकांचं कपाट आवरत होतो. "उल्का गेली रे," एवढंच तो बोलला.

ठाकुर्लीत आम्ही तिघं शेजारी. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आम्ही कॉलेजात होतो, आणि उल्काच्या भावाने दुबईहून पत्त्यांचा एक खेळ आणला होता. बदाम-इस्पिकचे पत्ते नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि खाली बारीक इंग्रजीत त्याची करामत. कोणी जाळायचा, कोणी बुडवायचा, कोणाला कसलंसं कवच. ज्याच्यापुढे मांडलेला एकही पत्ता उरला नाही तो हरला, आणि जिंकणाऱ्याने त्याचा एक पत्ता कायमचा ठेवून घ्यायचा. नियमांची पुस्तिका खोक्यात नव्हतीच. त्यामुळे पत्त्यावर छापलेलं वाक्य हाच कायदा, आणि ते उल्काइतकं नीट कोणी वाचत नसे.

तिचा जीव 'पहारेकरी' या पत्त्यात. तसा दुसरा कोणाकडेच नव्हता. त्याच्यावर समोरच्याला नेम धरता येत नसे. एका रविवारी मंगेशच्या ओट्यावर त्या दोघांचा डाव रंगला होता. मंगेशने 'महापूर' टाकला : समोरच्याचे मांडलेले सगळे पत्ते वाहून जातात. पहारेकरी उरला तर पुढच्याच चालीत मंगेश हरणार होता, आणि तो उरणार असंच आम्ही धरून चाललो होतो. मंगेशने हात जोडले.

"जिंकलीस बाई. उचल हवा तो पत्ता."

"थांब. महापूर नेम कुठे धरतो?"

"म्हणजे?"

"कवच नेमापुरतं आहे. पूर कोणाला निवडत नाही, सगळ्यांवर येतो. माझा पहारेकरी गेला. तू जिंकलास."

"अगं ए, मीच हरलो बोलतोय ना!"

"तू बोलून काय होतं? वाच."

पहारेकरी तिने स्वतःच त्याच्या हातात ठेवला. अवघड गणित सुटावं तशी खूश होती… पुढे डोंबिवलीत संसार मांडला, आजारपण आलं, तरी ही खोड गेली नाही. डॉक्टर "काळजी करू नका" म्हणाले की ही म्हणायची, "ते राहू द्या. रिपोर्टात काय लिहिलंय?"

तेराव्यानंतर मी आणि मंगेश तिच्या घरी गेलो. टीपॉयवर त्याच पत्त्यांचा एक डाव अर्धाच मांडलेला होता. तिची मुलगी सई म्हणाली, "मी दोन पत्ते टाकले, आणि तेवढ्यात आईला दवाखान्यात न्यावं लागलं. काका, आई जिंकत होती ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! मंगेशने चष्मा लावला. उल्काच्या शेवटच्या पत्त्याला आगीपासून कवच होतं. सईचा पहिला पत्ता कवच उतरवणारा, दुसरा वणव्याचा. त्याने तिन्ही पत्ते सावकाश वाचले, पुन्हा वाचले.

"नाही गं," तो म्हणाला. "आधी कवच उतरलं, मग आग लागली. तू जिंकलीस."

सईने आईचा पत्ता उचलून स्वतःच्या पत्त्यांत ठेवला.