माझ्या पाठीमागे झालेला गोल

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या मेव्हण्याने नवाकोरा शर्ट खराब करून घेतला होता. आणि हसून झालं की मला चार शिव्याही घाला. त्या मी मेहनतीने कमावलेल्या आहेत.

तर मी राहतो घाटकोपरला, डोंगराच्या बाजूला. आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, मी साकीनाक्याला एका गोदामात सुपरवायझर. गोदामात माझं कुत्रंही ऐकत नाही. म्हणून असेल कदाचित, पण आमच्या मंडळाचा माइक गेली बावीस वर्षं माझ्याच हातात आहे. गणपती, कबड्डी, दहावी-बारावीचा गुणगौरव, इतकंच काय, शोकसभासुद्धा! आमची वैशाली, म्हणजे बायको, म्हणते, "अहो, तुमच्या हातातला घास सुटेल, पण माइक नाही सुटायचा."

आता आमची मुलगी, तन्वी. सतरावं सरायला आलंय आणि फुटबॉल खेळते. पहिल्यांदा शॉर्ट्स घालून खाली उतरली तेव्हा बिल्डिंगमधल्या अर्ध्या खिडक्या उघडल्या होत्या. समोरच्या परबवहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊजी, मुलीच्या जातीला हे बरं नाही हो. गुडघे फुटले तर लग्नात दाखवायचं काय?" मी म्हटलं, "वहिनी, लग्नात गुडघे कोण बघतं?" मी तन्वीच्या बाजूने ठाम उभा राहिलो, एवढं तरी श्रेय मला द्या.

पण खरं सांगू? बाजूने उभा राहिलो, तिची मॅच मात्र एकदाही पूर्ण बघितली नव्हती. मुलींचा फुटबॉल ही कौतुक करायची गोष्ट आहे, बघायची नाही, असं माझ्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलेलं. आणि कौतुक तर मी भरपूर करायचो.

यंदा पोरींनी हट्ट धरला की मंडळाने मुलींची स्पर्धा भरवावी. आमचे अध्यक्ष दिलीपदादा, मूळचे देवगडचे. त्यांनी मिटिंगमध्ये कपाळाला हात लावला.

"चेडवांचो फुटबॉल? बघूक कोण येतलो रे?"

"दादा, माझ्यावर सोडा," मी म्हटलं. "लकी ड्रॉ ठेवू. मिक्सर, कुकर, इस्त्री. हाफटाइमला मान्यवरांचे सत्कार. गर्दी नाही झाली तर माझं नाव बदला."

बघा, आपल्या तोंडाने मी खड्डा कसा खणत होतो ते!

फायनलच्या दिवशी सकाळी तन्वी पोहे खाता खाता म्हणाली, "पप्पा, एक सांगते, पण कोणाला बोलू नका. आज एक फर्नांडिस मॅडम येणार आहेत. मोठ्या क्लबच्या कोच आहेत. त्यांच्या ज्युनियर टीमसाठी मुली बघतायत."

"अरे वा! झकास!"

"झकास नाही, पप्पा. माझी ही शेवटची संधी आहे. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नाही. त्या गुपचूप येतात, कोपऱ्यात उभ्या राहून बघतात आणि जातात. प्लीज, त्यांना काही करू नका."

"काही करू नका म्हणजे? मी काय करणार आहे त्यांना?"

माझ्याकडे बघून तिने पोहे अर्धेच ठेवले.

आता तुम्हीच सांगा. आपल्या मैदानात एवढी मोठी बाई येणार आणि कोपऱ्यात उभी राहणार? बावीस वर्षांत पाहुणा नारळाशिवाय परत गेलेला नाही आमच्याकडून. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसालाही मी शाल घातली होती, कारण तो स्टेजच्या जवळ उभा होता. मी गुपचूप जाऊन एक शाल आणि एक नारळ जास्तीचा आणला.

इथे आमच्या स्टेजबद्दल सांगायलाच हवं. आमचं स्टेज नेहमी एकाच जागी लागतं, मैदानाच्या कडेला, वस्तीकडे तोंड करून. गणपतीपासूनची पद्धत आहे, लाइटचं कनेक्शन तिथेच आहे. स्टेजच्या मागे पंधरा फुटी फ्लेक्स, आणि फ्लेक्सच्या मागे मैदान. म्हणजे स्टेजवर बसलेल्या माणसाची मैदानाकडे पाठ, आणि मान वळवली तरी दिसणार काय, तर आमच्या कार्यकर्त्यांचे फोटो. फुटबॉलची मॅच आहे, स्टेज फिरवून लावू, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

दुपारी साडेतीनला गर्दी बघून मी चाट पडलो! फायनलला आमच्या पोरींसमोर मढचा संघ, त्यांच्याबरोबर त्यांच्या आया दोन टेम्पो भरून आल्या होत्या. आधीच्या फेरीत हरलेल्या मुलुंडच्या पोरीही बघायला आलेल्या, अंगावर एकसारख्या जर्सी. भिंतीवर पोरं चढलेली. आणि परबवहिनी, त्याच गुडघेवाल्या, दोरीला खेटून तन्वीला ओरडत होत्या, "अगं पास दे ना तिला, मोकळी आहे ती!" वहिनींना मोकळी म्हणजे काय हे कळत होतं आणि मला नव्हतं. लकी ड्रॉच्या कुपनांच्या टेबलावर माशीसुद्धा नव्हती. तरी मला काय वाटलं असेल? वाटलं, बघा, माझ्या मिक्सरमुळे केवढी माणसं आली!

उद्घाटनाच्या भाषणांत मी मॅच पाऊण तास लांबवली. मग पहिला हाफ झाला, शून्य-शून्य. तन्वीच्या मागे मढची एक उंच पोरगी सावलीसारखी लागलेली. आणि कॉर्नरच्या झेंड्यापाशी टोपी घातलेली एक बाई वहीत काहीतरी लिहीत होती. मी लगेच ओळखलं.

हाफटाइमची शिट्टी झाली आणि मी गेलोच.

"नमस्कार मॅडम! चला, स्टेजवर चला."

"अरे नाही नाही, मी इथेच बरी आहे. मला साडेपाचला चेंबूरला निघायचंय, दुसरी मॅच आहे. तो नऊ नंबर मला नीट बघायचाय, सेकंड हाफमध्ये."

नऊ नंबर तन्वीचा! माझ्या छातीत फुगा फुगला. मी म्हटलं, "मॅडम, दोन मिनिटं फक्त." आणि हाताला धरून नेलं हो त्यांना स्टेजवर, मधल्या खुर्चीत बसवलं. मग माइक घेतला आणि जे सुटलो ते सुटलोच.

"सर्वांना विनंती आहे, दोरीजवळचे, भिंतीजवळचे, सगळ्यांनी स्टेजसमोर खुर्च्यांवर यावं. सत्कारानंतर लगेच लकी ड्रॉ! मोबाइल बाहेर काढा, इकडे करा, हा क्षण टिपून ठेवा!"

कुकरचं नाव काढल्यावर निम्म्या बायका आल्या, आणि उरलेल्या तीन वेळा बोलावल्यावर आल्या. परबवहिनी शेवटी आल्या, त्याही माझ्या आग्रहाखातर.

मॅडम उठायला बघत होत्या. "सर, मला खाली जाऊ द्या, शिट्टी वाजेल."

मी माइकवर म्हणालो, "बघा! मॅडम नको नको म्हणतायत. याला म्हणतात मोठेपणा!" टाळ्या.

"सर, सिरियसली, मी मॅच बघायला आलेय."

"किती हा नम्रपणा!" आणखी टाळ्या.

रेफरी मात्र बाहेरचा होता. त्याला ना आमची पद्धत माहीत, ना माझी. दहा मिनिटं झाली, त्याने शिट्टी वाजवली आणि दुसरा हाफ सुरू केला. ती शिट्टी मी ऐकली, बरं का. पण शाल हातात होती. अर्धी घातलेली शाल काढून घेणार कसा? मी मॅडमच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, त्यावर पुष्पगुच्छ ठेवला आणि मुलींच्या प्रगतीवर स्वतः रचलेली चारोळी म्हटली. शेवटची ओळ संपली मात्र, जो काय जल्लोष उठला म्हणून सांगू! शिट्ट्या, आरोळ्या! समोरचे लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. बावीस वर्षांत माझ्या चारोळीला अशी दाद मिळाली नव्हती.

मी हात जोडले. वाकलो. माइकवर म्हणालो, "धन्यवाद! धन्यवाद! तुमचं हे प्रेम असंच राहू दे!"

दिलीपदादा स्टेजच्या कडेला, मैदान दिसेल अशा जागी उभे राहून खालून दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, तेही दाद देतायत. मी त्यांनाही वाकून नमस्कार केला.

"मेल्या!" दादा ओरडले. "गोल मारल्यान तुझ्या चेडवान!"

मी मागे वळलो. मागे फ्लेक्स होता, त्यावर माझा फोटो, हात जोडलेला.

फर्नांडिस मॅडम शाल, नारळ, गुच्छ सगळं सांभाळत माझ्याकडे बघत होत्या. "कोणी मारला?" त्यांनी विचारलं. "नऊ नंबरने? कसा मारला?"



त्या खाली उतरल्या तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. पंधराएक मिनिटं त्या दोरीपाशी उभ्या राहिल्या, नारळ हातातच. आणि त्या पंधरा मिनिटांत तन्वीच्या पायाला चेंडू धड लागला नाही. ती सारखी स्टेजकडे बघत होती. आपण आयुष्यातला सगळ्यात चांगला गोल मारला आणि तो ज्यांनी बघायला हवा होता त्या शाल पांघरून बसल्या होत्या, हे तिला कळलं होतं. साडेपाचला मॅडम निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "गोलचा व्हिडिओ असेल तर पाठवा. मी बघते."

व्हिडिओ! सगळ्या मैदानात मोबाइलच मोबाइल, म्हणजे व्हिडिओ असणारच! दोन दिवस मी वस्तीत घरोघर फिरलो. चाळीस-पन्नास फोन तपासले असतील. सगळ्यांत मीच होतो. वेगवेगळ्या कोनांतून मी. मागून "गोऽऽल" अशी आरोळी येते आणि पुढे मी वाकून म्हणतो, धन्यवाद. भिंतीवरच्या पोरांनी तरी काढला असेल म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काका, भिंत धरू की मोबाइल?" परबवहिनी तर माझ्यावर उखडल्याच. "मी बघत होते चांगली! तुम्ही तीन वेळा नाव घेऊन बोलावलंत म्हणून आले. कुकर तरी लागला का मला?"

शेवटी त्यातल्या त्यात ज्यात आरोळी स्पष्ट ऐकू येते असा एक मी मॅडमना पाठवला. सोबत चार ओळी लिहिल्या, की चूक सगळी माझी, पोरीची नाही. संध्याकाळी उत्तर आलं: "सर, तुमचा स्वभाव चांगला आहे. पण न बघितलेल्या गोलवर मी मुलगी निवडू शकत नाही. सॉरी." त्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. आठवड्याने क्लबची यादी लागली. मढच्या त्या उंच पोरीचं नाव होतं. तन्वीचं नव्हतं.

पोरगी रडली नाही, आदळआपट केली नाही. मी म्हटलं, "तन्वी, माझं चुकलं गं." तर म्हणाली, "ठीक आहे, पप्पा." त्या 'ठीक आहे'पेक्षा तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. वैशालीने ती कसर भरून काढली, तो भाग सोडा. पण खरंच सांगतो, जेवण जात नव्हतं मला. लोकांची पोरं मी माइकवरून मोठी केली, आणि माझी स्वतःची पोर मोठी होत होती तेव्हा तिच्याकडे पाठ करून उभा होतो.

रविवारी सकाळी धीर करून तिला म्हटलं, "मला दाखवशील, कसा मारलास?"

तिने आधी बुटांच्या नाड्या बांधल्या. मग बॉल उचलला. "या खाली."

कंपाउंडमध्ये दोन स्कूटरच्या मधली जागा म्हणजे गोल. वैशाली ओढणी खोचून गोलकीपर. तन्वीने बॉल पायाशी घेतला.

"उजवीकडून घुसले. मग त्या उंच मुलीला आतल्या बाजूने चकवलं. मग डाव्या पायाने."

"हां, मार! बघतोय मी!"

"थांबा ना. पप्पा, तुम्ही तिकडे तोंड करा. भिंतीकडे."

"का गं?"

"गोल तसाच झाला होता ना."

मला वाटलं, गंमत करतेय. तिच्या तोंडाकडे बघितलं, तर गंमत नव्हती. मग काय, एकोणपन्नास वर्षांचा मी बाप्या, मुकाट भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. 'येथे वाहने उभी करू नयेत' हे चार वेळा वाचून काढलं. मागे पावलं धावली, बॉलचा दणका बसला, वैशाली "अगं बाई!" म्हणून किंचाळली. वर कुठल्या तरी खिडकीतून टाळ्या पडल्या.

"झाला का?" मी भिंतीला विचारलं.

"झाला," तन्वी म्हणाली. "आता करा जाहीर."

ज्या माणसाला अख्खी वस्ती बावीस वर्षं 'आवाज कमी करा' म्हणत आली, त्याच्या तोंडून एक शब्द फुटेल तर शपथ.