विहीणबाईंच्या पानातला ठिपकेवाला

ये, जवळ ये बरं. (म्हणजे हा कागद डोळ्यांजवळ धर. तुझा चष्मा कधी जाग्यावर नसतो, मला ठाऊक आहे.) काय गं सुमे, अंगणात पांढऱ्या ठिपक्यांचा काळा किडा निघाला म्हणून तू तो चेचलास, आणि वर पत्रातून माझ्याकडं शाबासकी मागतेस? अगं, ते रानातलं झुरळ. अगदी गरीब जात. त्याच्यापायी तुझ्या आजीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, लग्न मोडता मोडता राहिलं. मोडलं असतं तर तू कुठून आली असतीस, याचा विचार कर!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हट्ट्याजवळच्या या गावात नांदायला येऊन मला दोन वर्षं झाली होती. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं (लिहायला पुढं शिकले), पण शहाणपण इतकं की वाटायला निघाले असते तर गाव पुरलं नसतं! परसातल्या चिंचेखालचा पाला झाडायचं काम माझ्याकडं. झाडता झाडता मी या किड्यांचा सगळा संसार बघून ठेवला होता. मादी बारकी अंड्यांची डबी पाल्यात टाकून मोकळी होते. पिल्लं बिनपंखांची, मातीच्या रंगाची. मातीतच दडून कुजका पाला खातात आणि जेठात जमीन ओली झाली की नटूनथटून वर येतात. काळे पंख, त्यावर ठिपके सात. चावणं नाही, डसणं नाही, आपणहून घरात शिरणं नाही. (आमच्या भावकीत इतकं गुणी कुणीच नव्हतं!)

पण याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक किडा असतो. अंगानं मोठा, ठिपके सहा. तो डिवचला की जळजळीत पिचकारी मारतो, अन् ती डोळ्यात गेली तर देव आठवतो. लोक दोघांनाही सारखेच भितात. आमचा ठिपकेवाला त्या दुसऱ्याचं सोंग घेऊन तर जगतो!

तर जेठातल्या शेवटच्या मुहूर्तावर गोदावन्संचं लग्न. वऱ्हाड वारंग्याकडचं. पळसाच्या पत्रावळी चैतातच लावून ठेवलेल्या, त्या वाळून कडक झालेल्या. आदल्या दिवशी पाणी शिंपडून मऊ केल्या नाहीत तर आमटी थेट मांडीवर येते.

"रुखमे, गठ्ठे वसरीवर ठिव. वरून वलं फडकं टाक," सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, वसरीवर वारं लागतं. चिंचेखाली पाल्यात दाबते. बराबर मऊ होत्यात."

"किडामुंगी लागंल की."

"माझ्यावर सोडा!"

त्यांनी सोडलं. (त्यांची आयुष्यातली एवढी एकच चूक.)

लग्न लागलं आणि विहीणपंगत बसली. नवऱ्यामुलाची आई रांगोळी घातलेल्या पाटावर, शेजारी तिच्या बाया. विहीणबाईनं पहिला घास घेतल्याशिवाय मांडवात कुणी पानाला हात लावायचा नाही. अन् ती जर भरल्या पानावरून उठली, तर पोरीला सासरी ते जन्मभर ऐकावं लागायचं. गोदावन्सं माझा पदर धरून म्हणाल्या, "वैनी, नीट होऊ दे गं सगळं. सासू लई कडक हाय म्हणत्यात."

"मी हाय ना!"

पोळी वाढली, तुपाची धार पडली. विहीणबाईंनी हात पुढं केला, आणि पत्रावळीच्या दोन पानांमधून आधी दोन मिशा आल्या. मागून ठिपके.

"अगं बया! पिचकारीवाला!" विहीणबाई ताडकन उठल्या. "काहून बोलावलं आमाला? आंधळं कराया?"

"माझ्या बी पानात हाय!" त्यांची जाऊ ओरडली. बघता बघता अख्खी पंगत उभी!

मी धावले. "बसा, बसा! पिचकारीवाला न्हाई त्यो. साधं झुरळ हाय!"



"झुरळ?" विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या पानात झुरळ?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी समजूत काढली, "घरातलं न्हाई हो, रानातलं. लई सोवळं. नुसता कुजका पाला खातं!" (हे बोलायला नको होतं.)

"गाड्या जुंपाया सांगा गं! नवरी ऱ्हाऊ द्या हितंच!"

गोदावन्संच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या. मग मात्र मी तो किडा उचलला आणि तळहातावर घेऊन विहीणबाईंपुढं धरला. "ठिपके मोजा. सहा निघाले तर माझी गाढवावरून वरात काढा."

त्यांनी लांबूनच मोजले. "सात हायेत. पर गरीब हाय कशावरून?"

"चावत न्हाई, डसत न्हाई, काही न्हाई."

"मग ठिव गालावर."

ठेवला! देवळातल्या मूर्तीसारखी उभी राहिले. किडा गालावरून कानाकडं गेला, कानावरून मानेवर आला, तिथं जरा थांबला, अन् सरळ चोळीत उतरला.

तो चावणार नाही हे मला पक्कं माहीत होतं गं, पण माझ्या अंगाला कुठं माहीत होतं! अशी किंचाळले की बाहेरचे बैल उठून उभे राहिले. पहिल्या उडीत आमटीचं पातेलं आडवं, दुसरीत रांगोळी गेली, आणि तिसरीत मी विहीणबाईंच्या रिकाम्या पाटावर आदळले.

"काढा गं कुणीतरी! मेले, मेले!"

"काहून गं?" विहीणबाई वाकून विचारतात. "चावत न्हाई ना त्यो? मग मरून राहिली का नाचून राहिली?"

अन् त्या हसायला लागल्या. पोट धरून, पदर डोळ्याला लावून हसल्या. मागून त्यांच्या बाया हसल्या, शेवटी रडता रडता गोदावन्सं पण हसल्या. विहीणबाईंनी मला पाटावरून उठवलं आणि स्वतः बसल्या. "ताटं आणा गं शेजारून. ज्या घरची सून आशी हाय, तिथली लेक आमाला नको कशी म्हणावी?" आणि घास घेतला.

तेवढ्यात तो माझ्या बाहीतून निघाला अन् सावकाश परसाकडं चालता झाला. ना किंचाळला, ना आमटी सांडली, ना पाहुण्यांच्या पाटावर बसला. वारंग्यात आजही सांगतात, त्या लग्नात मुलीकडचा एवढा एकच जण रीतीनं वागला!

आता पुरे, बोटं दुखून राहिली. पत्रावर काय भागतं गं? मला आता प्रवास झेपत नाही, तूच ये. दही विरजून ठेवते, धपाटे करते. लवकर ये.